जागेवरून उठताना संगणक लॉक करणे: लहान कार्यालयांसाठी क्रमवार मार्गदर्शन

कर सल्लागाराचे कार्यालय, पतसंस्था, शाळेचा ऑफिस विभाग किंवा दस्त नोंदणीची कामे करणारे केंद्र अशा ठिकाणी एका खोलीत तीन-चार संगणक असतात आणि दिवसभर अशिलांची, पालकांची, कुरिअरवाल्यांची, दुरुस्ती करणाऱ्यांची ये-जा सुरू असते. तिथे काम करणाऱ्या बहुतेकांना संगणक लॉक करण्याची कळ माहीत असते. तरीही संगणक प्रत्यक्षात उघडाच राहतो, कारण कळ दाबण्याआधी जी व्यवस्था व्हायला हवी ती झालेली नसते. खात्याला पासवर्डच नसतो, किंवा संगणक बंद करून सुरू केला की तो काहीही न विचारता थेट डेस्कटॉपवर जातो, किंवा मॉनिटरचे बटण दाबून पडदा काळा केला म्हणजे लॉक झाले असा समज असतो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. पहिले दोन टप्पे वगळून थेट सवयीकडे वळल्यास त्या सवयीचा उपयोग होत नाही. सूचना विंडोज १० आणि ११ साठी आहेत. मॅक आणि उबंटूसाठी आवश्यक तेवढे पुढे दिले आहे.

## तयारी

प्रशासक (अॅडमिनिस्ट्रेटर) खात्याचा पासवर्ड जवळ असल्याशिवाय सुरुवात करू नये. अनेक कार्यालयांत तो संगणक विकणाऱ्याकडे किंवा नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याकडे असतो. तसे असेल तर आधी तो मिळवून बदलून घ्यावा. सर्व चालू फायली जतन कराव्यात, हिशेबाच्या डेटाचा बॅकअप बाह्य डिस्कवर घ्यावा आणि संगणक वापरणाऱ्या प्रत्येकाला किमान अर्धा तास मोकळा ठेवायला सांगावे, कारण काही सेटिंग प्रत्येकाच्या खात्यात वेगळे करावे लागते.

तीन क्रियांतील फरकही आधीच स्पष्ट असावा. लॉक केल्यावर चालू कामे पडद्यामागे सुरूच राहतात: बॅकअप, अपलोड, छपाई काहीही थांबत नाही. स्लीपमध्ये संगणक झोपी जातो आणि ही कामे थांबतात. साइन आउट केल्यावर त्या खात्यातील सर्व प्रोग्राम बंद होतात. चहाला उठताना लॉक आणि दिवसाच्या शेवटी साइन आउट करावे किंवा संगणक पूर्ण बंद करावा. मोठे अपलोड चालू असताना लॉक केले तर ते थांबेल या भीतीने संगणक उघडा ठेवणारे पुष्कळ असतात. ती भीती अनाठायी आहे, मात्र पॉवर सेटिंगमध्ये स्लीपची वेळ पुरेशी लांब ठेवलेली असावी.

## टप्पा १: प्रत्येकाचे स्वतंत्र खाते आणि खरा पासवर्ड

१. सेटिंग्ज उघडून अकाउंट्समध्ये जावे. विंडोज ११ मध्ये ‘अदर युजर्स’ आणि विंडोज १० मध्ये ‘फॅमिली अँड अदर युजर्स’ येथे प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळे खाते तयार करावे.

२. रोजच्या कामाची खाती ‘स्टँडर्ड’ प्रकारची ठेवावीत. ‘अॅडमिनिस्ट्रेटर’ खाते एकच असावे आणि ते फक्त नवीन प्रोग्राम बसवताना वापरावे.

३. प्रत्येकाने आपल्या खात्यात जाऊन ‘साइन-इन ऑप्शन्स’मधून पासवर्ड ठेवावा. त्यानंतर सोयीसाठी पिन ठेवता येतो. हा पिन फक्त त्याच संगणकावर चालतो, त्यामुळे तो कोणाला कळला तरी त्यावरून दुसऱ्या ठिकाणाहून खात्यात शिरता येत नाही, पण त्याच खोलीत बसलेल्या माणसाला तो पुरेसा असतो. चार अंकांऐवजी किमान सहा अंक घ्यावेत आणि अक्षरे व चिन्हे घेण्याचा पर्याय दिसत असेल तर तो निवडावा.

एकच खाते सर्वांनी वापरणे ही या टप्प्यातील सर्वांत महागडी चूक आहे. चौघांना माहीत असलेला पासवर्ड महिन्याभरात कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर उतरतो, आणि काही विपरीत घडल्यावर ते कोणाच्या हातून घडले हे सांगता येत नाही. कार्यालयाच्या नावापुढे एक-दोन-तीन, मालकांच्या मोबाइलचे शेवटचे चार अंक, गाडीचा नंबर हे पासवर्ड खोलीतल्या कोणालाही दोन-तीन प्रयत्नांत सुचतात.

इशारा: मायक्रोसॉफ्ट खाते न वापरता स्थानिक खाते तयार केले तर विंडोज तीन सुरक्षा प्रश्न विचारते. पासवर्ड चुकला की लॉक पडद्यावरच तो नव्याने ठेवण्याचा दुवा येतो आणि या तीन प्रश्नांची उत्तरे दिली की खाते उघडते. जन्मगाव, पहिली शाळा, लहानपणीचे टोपणनाव ही उत्तरे सहकाऱ्यांना आणि गावातल्या ओळखीच्या माणसांना सहज ठाऊक असतात. म्हणून खरी उत्तरे देऊ नयेत. वेगळी उत्तरे ठरवून ती घरी सुरक्षित जागी लिहून ठेवावीत.

तपासणी: विंडोज कळ दाबून ठेवून एल दाबावे. आलेल्या पडद्यावर एंटर दाबावा. पासवर्ड किंवा पिनची चौकट न येता ‘साइन इन’ असे नुसते बटण आले आणि त्यावर टिचकी मारताच डेस्कटॉप उघडला, तर त्या खात्याला पासवर्ड नाही. पुढे जाण्याआधी हे दुरुस्त करावे.

## टप्पा २: पुन्हा सुरू केल्यावर संगणक पासवर्ड विचारतो का

लॉक पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पॉवरचे चिन्ह असते. तिथून कोणीही पासवर्डशिवाय संगणक बंद किंवा रिस्टार्ट करू शकतो. रिस्टार्ट झालेला संगणक स्वतःहून डेस्कटॉपवर जात असेल तर लॉकला काहीच अर्थ उरत नाही. वारंवार वीज जाणाऱ्या भागात ही अडचण आणखी वाढते, कारण वीज परत येताच आपोआप सुरू होण्याची सोय अनेक संगणकांत चालू करून दिलेली असते, आणि मग रिकाम्या कार्यालयात संगणक उघडा होऊन बसतो.

१. सर्व जतन करून संगणक रिस्टार्ट करावा आणि कशालाही हात न लावता पाहावे.

२. तो थेट डेस्कटॉपवर गेला, तर विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून येणाऱ्या ‘रन’ चौकटीत एन-ई-टी-पी-एल-डब्ल्यू-आय-झेड ही आठ इंग्रजी अक्षरे सलग टाइप करून एंटर दाबावा.

३. उघडलेल्या यादीच्या वर, हा संगणक वापरण्यासाठी नाव आणि पासवर्ड द्यावाच लागेल अशा अर्थाचा चौकोन असतो. त्यावर बरोबरची खूण करून ‘अप्लाय’ करावे. विंडोज ११ मध्ये काही वेळा हा चौकोन दिसत नाही. त्या वेळी ‘साइन-इन ऑप्शन्स’मधील फक्त विंडोज हॅलोनेच (पिन, चेहरा किंवा बोटाच्या ठशाने) साइन-इन करू देण्याचा पर्याय तात्पुरता बंद केला की तो दिसू लागतो. काम झाल्यावर तो पर्याय पुन्हा सुरू करावा.

४. पुन्हा एकदा रिस्टार्ट करून खात्री करावी.

## टप्पा ३: विसरल्यास आपोआप लॉक

हा टप्पा विस्मरणासाठी आहे, रोजच्या भरवशासाठी नाही. पाच मिनिटांनी लॉक होणारा संगणक पहिली पाच मिनिटे उघडाच असतो, आणि समोर बसलेल्या माणसाला एक पीडीएफ स्वतःच्या व्हॉट्सअॅपवर पाठवायला त्याच्या दहाव्या हिश्शाचाही वेळ लागत नाही.

येथे बहुतेकांची चूक ठरलेली आहे. पॉवर सेटिंगमध्ये पडदा पाच मिनिटांनी बंद होईल असे ठेवले जाते आणि काळा पडदा पाहून समाधान मानले जाते. टेबलावरच्या साध्या संगणकात माउस हलवताच तो पडदा जसाच्या तसा, कोणताही पासवर्ड न विचारता परत येतो. ‘साइन-इन ऑप्शन्स’मध्ये दूर गेल्यावर पुन्हा साइन-इन कधी मागावे असा जो पर्याय असतो, तोही अशा संगणकावर फक्त स्लीपमधून जागे होण्यापुरता असतो. तो चालू ठेवावाच, पण त्याच्या जोडीला पुढील दोनपैकी एक मार्ग आवश्यक आहे.

सर्व आवृत्त्यांसाठी: सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात लॉक स्क्रीन आणि त्यात स्क्रीन सेव्हर उघडावा. ‘ब्लँक’ निवडावे, वेळ ५ मिनिटे ठेवावी आणि ‘ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन’ या चौकोनावर खूण करावी. ही खूण राहून गेली तर स्क्रीन सेव्हर नुसताच दिसतो, लॉक होत नाही. हे सेटिंग त्या एका खात्यापुरते असते, म्हणून प्रत्येक खात्यात जाऊन ते करावे लागते.

प्रो आवृत्तीसाठी: स्टार्टमध्ये ‘लोकल सिक्युरिटी पॉलिसी’ शोधावी. लोकल पॉलिसीज, सिक्युरिटी ऑप्शन्स या मार्गाने ‘इंटरअॅक्टिव्ह लॉगऑन: मशीन इनअॅक्टिव्हिटी लिमिट’ उघडावे. येथे वेळ सेकंदांत लिहायची असते, म्हणून पाच मिनिटांसाठी ३०० लिहावे. नंतर संगणक एकदा रिस्टार्ट करावा. हे सर्व खात्यांना एकदम लागू होते, त्यामुळे एकाहून अधिक माणसे वापरत असलेल्या संगणकावर मी हाच मार्ग सुचवतो.

वेळ फार कमी ठेवू नये. एका मिनिटात लॉक होणारा संगणक कर्मचाऱ्यांना त्रासदायक वाटतो आणि ते कोपऱ्यात एखादा व्हिडिओ चालू ठेवून किंवा पडदा जागा ठेवणारा छोटा प्रोग्राम बसवून लॉक टाळू लागतात. अशिलांसमोरच्या टेबलासाठी ५ मिनिटे आणि आतल्या खोलीसाठी जास्तीत जास्त १० मिनिटे हे प्रमाण व्यवहारात टिकते.

मोबाइल दूर गेला की ब्लूटूथच्या आधारे संगणक लॉक करणारी ‘डायनॅमिक लॉक’ ही सोय विंडोजमध्ये आहे. लहान कार्यालयात तिच्यावर विसंबू नये. मोबाइल शेजारच्या खोलीत गेला तरी ब्लूटूथच्या टप्प्यात राहतो, टप्प्याबाहेर गेल्यावरही लॉक व्हायला काही वेळ जातो, आणि चहाला जाताना मोबाइल टेबलावरच राहिला तर लॉक होतच नाही.

लॅपटॉपसाठी इशारा: झाकण मिटल्यावर काय व्हावे या पॉवर पर्यायात ‘डू नथिंग’ असेल तर झाकण मिटूनही संगणक लॉक झालेला नसू शकतो. बाह्य मॉनिटर जोडणाऱ्यांनी हा पर्याय अनेकदा निवडलेला असतो.

तपासणी: घड्याळ लावून संगणकाला पूर्ण सहा मिनिटे हात लावू नये, नंतर माउस हलवावा. पासवर्ड मागितला गेला तरच हा टप्पा पूर्ण झाला असे समजावे.

## टप्पा ४: लॉक पडद्यावर काय दिसते

लॉक झालेल्या पडद्यावर संदेशांच्या सूचना दिसत राहू शकतात. मोबाइल संगणकाला जोडलेला असेल तर त्यावर आलेला ओटीपीसुद्धा असा उघड्यावर येऊ शकतो. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, नोटिफिकेशन्स येथे लॉक पडद्यावर सूचना दाखवण्याचा पर्याय बंद करावा. व्हॉट्सअॅप वेब उघडे ठेवणाऱ्यांनी त्याच्या प्रायव्हसी सेटिंगमधील स्वतंत्र लॉकही चालू करावा.

## टप्पा ५: जागेवरून उठण्याचा क्रम

१. जतन करणे. लॉक पडद्यावरून कोणीही संगणक बंद करू शकतो आणि वीजही जाऊ शकते. जतन न केलेले काम अशा वेळी जाते, म्हणून कंट्रोल आणि एस आधी.

२. बँक आणि सरकारी संकेतस्थळांतून लॉगआउट. नुसता टॅब बंद केल्याने सत्र संपतेच असे नाही. लॉगआउटचे बटणच दाबावे.

३. डिजिटल सहीचे टोकन काढणे. या एका मुद्द्यावर कार्यालयांनी खरोखर कडक व्हायला हवे. जीएसटी, आयकर, कंपनी विवरणपत्रे आणि ई-निविदा यांसाठी लागणारी सही छोट्या यूएसबी टोकनमध्ये असते. सकाळी ते संगणकाच्या पुढच्या यूएसबी खाचेत लावले जाते आणि संध्याकाळपर्यंत त्याचा दिवा तिथेच लुकलुकत राहतो. पुष्कळदा ते टोकन कार्यालयाचे नसून अशिलाचे असते, आणि त्याचा पिन त्याच्याच टोपणावर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेला असतो. असे टोकन घेऊन जाणाऱ्याला तो संगणक उघडण्याची गरजच नाही. ते कोणत्याही संगणकावर लावून त्या व्यक्तीच्या नावाने सही करता येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४२ नुसार खासगी की (टोकनमधली सही करणारी गुप्त किल्ली) आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी घेणे हे प्रमाणपत्रधारकाचे कर्तव्य आहे. म्हणून सहीची प्रक्रिया पूर्ण होताच टोकन काढावे, कुलपाच्या खणात ठेवावे आणि पिनच्या पट्ट्या आजच काढून टाकाव्यात. अनेक अशिलांची टोकन असल्यास त्यांवर फक्त क्रमांक लिहावा आणि कोणता क्रमांक कोणाचा याची यादी वेगळ्या जागी ठेवावी.

४. पेन ड्राइव्ह आणि कागद. पेन ड्राइव्ह रीतसर ‘इजेक्ट’ करून काढावा. पॅन आणि आधारच्या छायाप्रती पालथ्या न घालता फायलीत ठेवाव्यात.

५. विंडोज आणि एल. ही जोडी काम करत नसेल, तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबून येणाऱ्या पडद्यावर ‘लॉक’ निवडावे. खेळांसाठीच्या काही कीबोर्डवर विंडोज कळ बंद करण्याची सोय असते, तीही तपासावी.

६. पडद्याकडे पाहणे. लॉक पडदा डोळ्यांनी पाहूनच खुर्ची सोडावी. बोलत बोलत उठताना बोट चुकते आणि लॉकऐवजी नुसता स्टार्ट मेनू उघडा राहतो.

सामान्य चूक: अशिलाला समोर बसवून साहेबांना काही विचारायला आत जाणे. या वेळी उठणारा माणूस स्वतःला जागेवरून गेलेला समजत नाही, कारण तो त्याच कार्यालयात असतो. जीएसटी विवरणपत्राच्या २० तारखेच्या गर्दीत हे दिवसातून कितीतरी वेळा घडते. पडदा स्वतःच्या नजरेआड होत असेल तर अंतर कितीही कमी असो, लॉक करावे. समोरच्याचा अपमान होईल हा संकोच बाळगू नये. सर्वांसाठी सारखाच नियम असला की कोणी वाईट वाटून घेत नाही.

## टप्पा ६: दूरस्थ मदत घेतल्यानंतर

हिशेबाच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती आता बहुधा एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरवरून होते. तंत्रज्ञ काम संपवून बाहेर पडला की संगणक उघडाच राहू शकतो, आणि दुरुस्ती लांबल्यामुळे मधल्या वेळात आपण उठून गेलेलो असतो. त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. काम चालू असताना समोर बसावे. सत्र संपल्यावर संगणक आपोआप लॉक करण्याचा पर्याय या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये असतो, तो निवडावा. आणि आपल्या परवानगीविना केव्हाही जोडू देणारा कायमचा पासवर्ड ठेवलेला असल्यास तो काढून टाकावा, अन्यथा लॉक केलेल्या संगणकाचा बाहेरून वापर करण्याची वाट खुली राहते.

## टप्पा ७: डिस्कचे एन्क्रिप्शन

लॉक पडदा फक्त चालू असलेल्या विंडोजचे रक्षण करतो. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली किंवा पेन ड्राइव्हवरून दुसरी प्रणाली सुरू केली तर फायली वाचता येतात. लॅपटॉप चोरीला गेल्यास नेमके हेच होते. यावर उपाय म्हणजे एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरील माहिती किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात ठेवणे. त्यासाठी विंडोज प्रो मध्ये बिटलॉकर आणि होम आवृत्तीच्या पात्र संगणकांत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ ही सोय आहे.

इशारा: एन्क्रिप्शन सुरू करण्यापूर्वी ४८ अंकी रिकव्हरी की (अडल्यास डिस्क उघडणारा क्रमांक) छापून कार्यालयाबाहेर ठेवावी. बायोस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम) किंवा मदरबोर्डमध्ये बदल झाला की संगणक ती मागू शकतो. ती हरवली तर डेटा परत मिळत नाही. होम आवृत्तीच्या काही नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आधीपासूनच चालू असते आणि की मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. ते खाते दुकानदाराच्या ईमेलवर उघडलेले नाही ना, हे अवश्य पाहावे.

## मॅक आणि उबंटू

मॅकवर कंट्रोल, कमांड आणि क्यू या कळांनी लॉक होते. सिस्टीम सेटिंग्जमध्ये लॉक स्क्रीन येथे, पडदा बंद झाल्यावर पासवर्ड मागण्याची वेळ ‘इमिजिएटली’ अशी ठेवावी. उबंटूवर सुपर म्हणजे विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि एल दाबावे, आणि प्रायव्हसी विभागातील ‘स्क्रीन लॉक’मध्ये आपोआप लॉक चालू करून विलंब शून्य करावा. पहिल्या टप्प्यातील स्वतंत्र खाती आणि दुसऱ्या टप्प्यातील रिस्टार्टची तपासणी दोन्हीकडे तशीच लागू आहे.

## परत आल्यावर पासवर्ड स्वीकारला जात नसेल तर

मराठी टायपिंग करणाऱ्यांना ही अडचण हमखास येते. इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना लॉक केले असेल तर पासवर्डच्या चौकटीत इंग्रजीऐवजी देवनागरी अक्षरे जाऊ शकतात, आणि ठिपके दिसत असल्यामुळे ते कळत नाही. कोपऱ्यातील भाषेची खूण पाहावी आणि विंडोज व स्पेसबार दाबून इंग्रजी निवडावी. चौकटीच्या शेवटी असलेल्या डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारून टाइप केलेले पाहता येते, मात्र मागे कोणी उभे नाही याची खात्री करावी. उजवीकडच्या अंकांनी पिन टाकत असाल तर नम लॉक चालू आहे का तेही पाहावे. या अडचणीला कंटाळून पासवर्ड काढून टाकणारी माणसे असतात. त्याऐवजी प्रशासक भाषा सेटिंगमधून लॉगिन पडद्यासाठी इंग्रजी कीबोर्ड पहिला ठेवून घ्यावा.

## उघड्या संगणकाचा गैरवापर झाल्याचा संशय आल्यास

१. संगणकाचे इंटरनेट तोडावे, पण तो बंद करू नये आणि काही पुसू नये. पडद्यावर दिसते त्याचे मोबाइलने छायाचित्र घ्यावे.

२. ईमेल, बँक आणि कर संकेतस्थळांचे पासवर्ड दुसऱ्या, विश्वासातल्या उपकरणावरून बदलावेत. ईमेलचा पासवर्ड सर्वांत आधी बदलावा, कारण बाकीचे सर्व त्याच्या आधारे बदलता येतात. व्हॉट्सअॅपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ यादीतील अनोळखी जोडण्या काढून टाकाव्यात.

३. डिजिटल सहीचे टोकन गहाळ झाले असेल किंवा पिन कोणाला कळला असेल, तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवून ते रद्द करून घ्यावे. कलम ४२ तेही बंधनकारक करते. टोकन अशिलाचे असेल तर त्यांना त्याच दिवशी सांगावे.

४. पैसे गेले असतील तर बँकेला कळवून लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-सी खाली गुन्हा असून त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कारावास आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीत संगणक कोणत्या वेळेत उघडा होता, त्या वेळी खोलीत कोण होते आणि कोणते खाते चालू होते हे लिहावे. पहिल्या टप्प्यातील स्वतंत्र खाती असतील तरच यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देता येते.